चौघांची एक फाइल : आठवी-नववीच्या वर्गात मिळून लिहायला शिकवताना

वर्गातल्या पोरांना एक फाइल उघडून दिली, लिंक पाठवली आणि "आता मिळून लिहा" म्हटलं, की पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. ज्याला टायपिंग येतं तो कीबोर्ड स्वतःकडे ओढतो. दुसरी मुलगी शीर्षकाचा रंग बदलत बसते. उरलेले खिडकीतून ग्राउंड बघतात. तास संपतो तेव्हा फाइलमध्ये आठ ओळी असतात, त्यातल्या पाच कुठून तरी उचललेल्या. मग शिक्षक म्हणतात, कॉम्प्युटरवर लेखन शिकवणं आपल्या शाळेत जमत नाही. बिघडलेलं असतं ते कामाचं वाटप. कोणी काय लिहायचं, कोणी कोणाचं वाचायचं आणि कधी, हे आधी कागदावर ठरलं नसेल तर कितीही चांगलं साधन आणा, एक जण लिहितो आणि बाकीचे बघतात.

खालचा क्रम नागपुरातल्या साध्या शाळेला धरून आहे : वर्गात ४८ मुलं, लॅबमध्ये चालू स्थितीतले १२ संगणक, ३५ मिनिटांचा तास, आणि दुपारी हमखास रेंगाळणारं इंटरनेट. साधन म्हणून गुगल डॉक्स धरलं आहे, कारण ते फुकट आहे आणि शिक्षकांच्या फोनमध्ये बहुधा आधीपासून असतं. दुसरं कुठलं साधन असेल तरी चालेल. फक्त त्यात तीन गोष्टी हव्यात : एकाच वेळी अनेकांना लिहिता येणं, बाजूला शेरा टाकता येणं, आणि कोणी कधी काय लिहिलं त्याची नोंद राहणं. तिसरी नसेल तर ते साधन या कामाचं नाही.

आधी दोन शिक्षकांचं जुळवा

मुलांनी मिळून लिहायच्या आधी मराठीच्या मॅडम आणि कॉम्प्युटरचे सर यांनी मिळून बसावं लागतं. हे टाळून एकट्याने सुरुवात केली, की मॅडमचा अर्धा तास पासवर्ड शोधण्यात जातो आणि लॅबमधल्या सरांना वाटतं की आपल्या यंत्रांवर कोणीतरी चढाई केली.

एका बैठकीत तीन गोष्टी ठरवा. पहिली, वेळापत्रक : आठवड्यातून एकदा मराठीचा आणि संगणकाचा तास लागून यावा, म्हणजे सलग ७० मिनिटं मिळतात. मुख्याध्यापकांकडे ही मागणी जूनमध्येच करा. वेळापत्रक एकदा फळ्यावर चढलं की ते हलत नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, तेवढे जास्तीचे दिवस हाताशी असतात. दुसरी, कोणाचं काय : खाती, टायपिंग, फाइल अडकणं हे सरांकडे, मजकूर, शेरे, गुण हे मॅडमकडे. तिसरी, यंत्रांची मोजणी. लॅबच्या रजिस्टरवरचा आकडा धरू नका. स्वतः प्रत्येक संगणक सुरू करून ब्राउझर उघडतो का, कीबोर्डची कळ अडकते का, ते बघा. रजिस्टरवर वीस असतात, चालणारे बारा निघतात.

१२ संगणक आणि ४८ मुलं हे गणित जोडतासात असं बसतं. चौघांचे १२ गट करा. पहिल्या ३५ मिनिटांत सहा गट लॅबमध्ये, प्रत्येक गटाला दोन संगणक, एका संगणकावर दोघं. बाकीचे सहा गट वर्गात मॅडमसोबत कागदावर काम करतात. मग अदलाबदल. दोघांपैकी एक टाइप करतो, दुसरा वहीतून वाचून दाखवतो आणि पडद्यावरच्या चुका पकडतो. मध्यात जागा बदलतात. लॉगिन आणि लॉगआउटची पाच मिनिटं वजा केली तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठवड्याला पंधराएक मिनिटं टायपिंग येतं. नवखा मुलगा मराठीत मिनिटाला पाच-सात शब्द टाइप करतो. म्हणजे आठवड्याला नव्वद शब्द. म्हणून प्रत्येकाचा भाग १५० शब्दांचा ठेवायचा, गटाचा लेख ६०० चा. हजार शब्दांचा प्रकल्प लावला की मुलं घरी जाऊन सायबर कॅफेतून उतरवून आणतात.

गट पाच-सहा जणांचा करू नका. पाचव्याला लपायला जागा मिळते. गट पाडताना हुशारी बघण्यापेक्षा एक टायपिंग येणारा, एक घरात मराठी बोलणारा, एक प्रश्न विचारायला न लाजणारा असा मेळ घाला. नागपूरच्या वर्गात घरी हिंदी बोलणारी मुलं भरपूर असतात. ती चारही जणं एकाच गटात पडली तर मॅडमची दमछाक होते.

विषय असा, जो पायी जाऊन बघता येतो

"पर्यावरण वाचवा" किंवा "मोबाइल : शाप की वरदान" हे विषय मिळून लिहायला निरुपयोगी आहेत. चौघांकडे तीच माहिती असते, मग चौघं कशाला हवेत? विषय असा हवा की प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेली माहिती येईल. पहिल्या सहामाहीसाठी मारबतीइतका सोयीचा विषय नागपुरात दुसरा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत त्या वर्षीच्या तक्रारींवर केलेले पुतळे म्हणजे बडगे असतात, आणि त्याच दिवशी गल्लोगल्ली तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा भरतो. चौघांचे चार भाग आपोआप पडतात : घोषणा आणि आवाज, त्या वर्षीचे बडगे आणि त्यांचे विषय, घरातल्या मोठ्यांच्या आठवणी, आपल्या गल्लीतला तान्हा पोळा.

तारीख मात्र कॅलेंडरमध्ये बघूनच आराखडा करा. पोळा पिठोरी अमावास्येला असतो, त्यामुळे तो सरकतो. २०२५ साली तो २२ ऑगस्टला आला, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १४ सप्टेंबरला. सप्टेंबरात आला तर सहामाही परीक्षा मानेवर बसते आणि लेखनाचे आठवडे आखडतात.

इतवारीच्या गर्दीत मुलांना पाठवायचं नसेल तर अजब बंगला घ्या, म्हणजे १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. हंगामात कळमन्याचा संत्र्याचा बाजार घ्या. झिरो माइलचा दगडही चांगला, पण त्याला एक वेगळं कारण आहे, ते पडताळणीच्या ठिकाणी येईल.

खाती आणि परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण यात घाई केली की पुढचे सगळे तास वाया जातात.

शाळेने गुगलकडे शैक्षणिक संस्था म्हणून नोंदणी केली तर वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूळ आवृत्ती मोफत मिळते आणि मुलांची खाती शाळेच्या नावाने उघडता येतात. पासवर्ड विसरला तर सर दोन मिनिटांत नवा देतात. हे जमण्यासारखं असेल तर हेच करा. मुलांची स्वतःची किंवा आई-वडिलांची खाती वापरणं हा नाइलाजाचा मार्ग. त्यात फाइलमध्ये "पप्पा" या नावाने तीन जण लिहीत असतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे, आणि बालकाची माहिती वापरायला पालकाची संमती लागते. म्हणून पालकसभेत एक पानाचं मराठी पत्र द्या : कुठलं साधन, मुलाचं काय काय त्यात जाईल, किती दिवस राहील, छापताना नाव येईल का. सही घेऊन फाइलला लावा. ज्यांची सही आली नाही त्यांच्या मुलांना बाजूला बसवू नका. ती मुलं वहीत लिहितील आणि गटातला जोडीदार शाळेच्या खात्यातून टाइप करेल.

खात्याचं नाव आणि पासवर्ड प्रत्येकाला छोट्या कार्डावर द्या. कार्ड लॅबमध्येच, गटवार पाकिटात. घरी गेलेलं कार्ड परत येत नाही.

मराठी टायपिंग : दोन आठवडे यातच जाऊ द्या

पद्धती तीन आहेत (रोमन अक्षरांतून, इनस्क्रिप्टने आणि बोलून), आणि कुठली चांगली यावर शिक्षक तासन् तास भांडू शकतात. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत मुलांना पहिल्याच दिवशी जमते, पण ती शब्द स्वतः निवडते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला शब्द यादीत वर आला की मूल तोच टिपतं. फोनवर ही पद्धत ठीक. लॅबमध्ये इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना शिकवा. पहिले चार तास रडारड होते, पण त्यात जे दाबलं तेच उमटतं, त्यामुळे मुलाला शब्दाची घडण कळते. डाव्या हाताला मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं हे लक्षात आलं की वेग येतो.

दोन अक्षरं पहिल्याच तासात शिकवा. 'ळ' साठी शिफ्ट धरून एन. आणि 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यातल्या आडव्या र साठी शिफ्ट धरून जे, मग हलन्त म्हणजे डी, मग पुढचं अक्षर. हे न सांगितल्यास मुलं 'दुसर्या' लिहितात आणि वर्षभर तसंच लिहीत राहतात.

शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये असतात. तो मजकूर डॉक्समध्ये चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या फॉन्टात आतून रोमन अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी चेहरा चढवलेला असतो. लॅबमधलं सगळं काम युनिकोडमध्येच करा, म्हणजे आतूनही मराठीच अक्षरं राहतात, आणि जुना मजकूर लागलाच तर कन्व्हर्टरमधून काढून, नीट वाचून घ्या. जोडाक्षरं आणि रफार यांत गडबड राहतेच.

फॉन्टच्या यादीत "मोअर फॉन्ट्स" मध्ये जाऊन देवनागरी लिपी निवडा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी घ्या. संपूर्ण वर्गाला एकच फॉन्ट, एकच आकार. रंग बंद.

बोलून टाइप करण्याची सोय डॉक्सच्या टूल्समध्ये आहे, तिथे भाषा मराठी निवडावी लागते. घरच्या शांत खोलीत ती चांगली चालते. पंखे फिरणाऱ्या लॅबमध्ये सहा गट एकदम बोलायला लागले की शेजारच्या गटाचे शब्द आपल्या फाइलमध्ये येतात. शिवाय मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम बोलून टाकण्यावर विसंबता येत नाही, ते मागाहून हाताने घालावे लागतात. ज्या मुलाला लिहायचा कंटाळा आहे पण बोलायला आवडतं, त्याला मात्र ही सोय जरूर द्या. त्याचा पहिला खर्डा याच वाटेने येतो.

फाइल कशी बांधायची

फाइल शिक्षकांनी आपल्या खात्यातून तयार करायची. मुलाच्या खात्यातून केली की मालकी त्याची होते, आणि त्याने रागाच्या भरात ती उडवली तर गटाचं काम गेलं.

एका फोल्डरमध्ये १२ फाइली, नाव असं : "९ब गट ०४ मारबत". शून्य लावलं की क्रम बिघडत नाही. संपूर्ण वर्गाची एकच फाइल करण्याचा मोह टाळा. ४८ जणांचे कर्सर उड्या मारायला लागले की जुने संगणक गुडघे टेकतात.

फाइलच्या आत आधीच सांगाडा टाका. पहिल्या पानावर एक तक्ता : नाव, भाग, या आठवड्याची जबाबदारी. मग प्रत्येक भागाला शीर्षक आणि प्रत्येक भाग नव्या पानावर. पान तोडणं महत्त्वाचं आहे. दोघं एकाच परिच्छेदात लिहायला लागले की वरच्याने एंटर दाबताच खालच्याची ओळ सरकते आणि भांडण सुरू होतं. शेवटच्या पानावर "कच्चा माल" : टिपणं, ऐकलेली वाक्यं, फोटो. तिथलं काहीही पुसायचं नाही.

शेअर करताना चौघांची खाती नावानिशी टाका आणि "एडिटर" निवडा. "लिंक असलेला कोणीही" असं ठेवलं आणि खात्यात न शिरता फाइल उघडली, तर मुलं निनावी प्राण्यांच्या नावाने दिसतात आणि कोणी काय लिहिलं ते कायमचं हरवतं. उलट "व्ह्यूअर" राहून गेलं तर तासाच्या ऐन मध्यात शिक्षकांच्या मेलवर परवानगीच्या विनंत्यांचा पाऊस पडतो. दुसऱ्या गटांना "कमेंटर" ठेवा, तेही तिसऱ्या आठवड्यानंतर.

गुगल क्लासरूम वापरणाऱ्यांनी एका जागी जपा. फाइल जोडताना "प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत" हा पर्याय दिसतो. तो निवडला की गटातल्या चौघांकडे चार वेगळ्या फाइली जातात आणि चौघं चार खोल्यांत बसल्यासारखे लिहितात. गटासाठी त्या चार विद्यार्थ्यांनाच काम नेमून द्या आणि "विद्यार्थी फाइल संपादित करू शकतात" हे निवडा.

लॅबमधल्या संगणकावर मागच्या वर्गाचं खाते उघडं राहिलेलं असतं, आणि मुलं त्यातच लिहायला लागतात. म्हणून दर वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खासगी खिडकी उघडायची, काम झालं की बंद करायची. खातं आपोआप बाहेर पडतं. इंटरनेट गेलं तर मात्र हीच खिडकी बंद करू नका. उघडी ठेवा; जोडणी परत आली की लिहिलेलं वर चढतं. बंद केली तर त्या दरम्यानच्या ओळी गेल्या. मुलांना हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, कारण इंटरनेट गेलं की त्यांचा पहिला उद्योग खिडकी बंद करून परत उघडण्याचा असतो.

आणि कोणीतरी एकदा तरी सगळं निवडून पुसणारच. फाइल मेन्यूतल्या व्हर्जन हिस्टरीत जा, पुसण्याच्या आधीची वेळ निवडा, ती आवृत्ती परत आणा. अर्धं मिनिट लागतं. हे पहिल्याच तासाला सगळ्यांसमोर मुद्दाम करून दाखवा. एक म्हणजे भीती जाते. दुसरं म्हणजे कोणी पुसलं तेही दिसतं, हे पोट्ट्यांना कळतं.

सहा आठवडे

पहिला आणि दुसरा आठवडा टायपिंग, लॉगिन, आणि गटाच्या फाइलमध्ये फक्त एक काम : स्वतःच्या भागाखाली तीन प्रश्न लिहायचे, ज्यांची उत्तरं आपल्याला आज माहीत नाहीत. "मारबत म्हणजे काय" हा प्रश्न चालणार नाही. "आमच्या गल्लीतला बडगा कोण बांधतो, आणि त्याला बांबू कुठून येतो" हा चालेल.

तिसरा आठवडा माहिती गोळा करण्याचा, पोळ्याच्या आसपास. वही बरोबर न्यायची. फोन मोठ्या माणसाचा. मुलाखत तीन मिनिटांपेक्षा लांब रेकॉर्ड करू नका. तीन मिनिटांचं बोलणं उतरवायला नवख्या मुलाला पाऊण तास तरी जातो. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारायचं, "काकू, तुमचं बोलणं शाळेच्या पुस्तिकेत छापलं तर चालेल का?" आणि त्यांचं "हो" रेकॉर्डिंगमध्येच घ्यायचं. फोटोत अनोळखी लहान मुलांचे चेहरे नकोत.

चौथ्या आठवड्यात पहिला खर्डा. आधी वहीत, मग फाइलमध्ये. वही वगळू नका. लॅबमध्ये बसून विचार करणाऱ्या मुलाची पंधरा मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघण्यात जातात.

पाचव्यात शेरे आणि दुरुस्ती, सहाव्यात जोडणी. जोडणी म्हणजे चार भाग एकाखाली एक ठेवणं नव्हे. चौघांनी एकत्र बसून पूर्ण लेख मोठ्याने वाचायचा आणि दोनदा आलेली गोष्ट एका ठिकाणहून काढायची. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही घोषणा चारही भागांत येते, हमखास. ती कुठे सगळ्यात शोभते ते गटाने ठरवायचं. हा वाद होऊ द्या, मध्ये पडू नका.

भागाखेरीज चार जबाबदाऱ्या असतात : कच्चा माल सांभाळणारा, पडताळणारा, सलगपणा बघणारा, आणि फोटो-नावं-फॉन्ट बघणारा. लिहायला लागल्यापासून त्या दर आठवड्याला फिरवा. न फिरवल्यास टायपिंग येणारा मुलगा वर्षभर फोटोच चिकटवतो.

पडताळणाऱ्याचं काम समजावून सांगावं लागतं. काळ्या मारबतीचा संबंध लोक नागपूरच्या भोसले घराण्यातल्या राणी बाकाबाईंशी जोडतात. हे "असं झालं" म्हणून लिहायचं की "असं सांगतात" म्हणून? दुसरंच. आणि सांगणारा कोण, तेही लिहायचं. ही परंपरा कुठल्या वर्षी सुरू झाली याची दोन वेगळी उत्तरं दोन आजोबांकडून आली, तर दोन्ही लिहायची. झिरो माइल इथेच कामी येतो. "हा भारताचा मध्यबिंदू" असं वर्गातली सगळी मुलं लिहून देतील. मग त्यांना मेट्रोच्या झिरो माइल स्टेशनला उतरून त्या दगडापर्यंत न्यायचं. १९०७ सालचा तो दगड ब्रिटिश काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, उंची मोजण्याची प्रमाण खूण आहे. ऐकीव आणि कोरलेलं यांतला फरक मुलांना तिथे उभं राहूनच कळतो.

शेरा म्हणजे "मस्त" नव्हे

मुलांना शेरे टाकायला सांगितलं की पहिल्या दिवशी "छान", "मस्त", "भारी" आणि अंगठे पडतात. हा त्यांचा दोष नाही. त्यांनी शिक्षकांच्या लाल शाईत "छान" आणि "अक्षर सुधारा" एवढंच पाहिलेलं असतं. म्हणून नियम घाला : प्रत्येक शेरा एका विशिष्ट शब्दावर किंवा वाक्यावर टाकायचा, आणि तो प्रश्न असायचा. दुसऱ्याचं वाक्य स्वतः दुरुस्त करायचं नाही. सुचवायचंच असेल तर "सजेस्टिंग" मध्ये जाऊन सुचवायचं, म्हणजे मूळ लेखक ते स्वीकारतो किंवा फेटाळतो.

एक नमुना फळ्यावर करून दाखवा. खर्डा असा येतो :

"मारबत हा नागपूरचा प्रसिद्ध सण आहे. या दिवशी खूप गर्दी असते. सर्व लोक आनंदी असतात."

शेरे असे हवेत. 'गर्दी' या शब्दावर : "तू कुठे उभी होतीस? तिथून काय दिसत होतं?" 'सर्व लोक' वर : "एक तरी माणूस सांग." 'आनंदी' वर : "तुला कसं कळलं?" दुरुस्तीनंतर तोच परिच्छेद असा होऊ शकतो :

"आम्ही मावशीच्या गॅलरीत उभे होतो. खाली डीजे वाजून राहिला होता म्हणून घोषणा कळत नव्हती, फक्त लोकांचे हात वर जाताना दिसत होते. मावशीने गॅलरीतूनच हात जोडले आणि म्हणाली, या वर्षी डेंग्यू घेऊन जा बाई."

तीनच प्रश्न, आणि त्यातून परिच्छेद पूर्ण बदलला. एका मुलाने एका तासात तीन शेरे टाकायचे, त्याहून जास्त नाही. दहा शेरे आलेला मुलगा फाइल उघडतच नाही. मॅडमनीही प्रत्येक गटाला आठवड्याला एकच मोठा शेरा टाकावा. एका गटाचं नीट वाचायला दहा मिनिटं लागतात, म्हणजे १२ गटांचे दोन तास. त्यापेक्षा जास्त करायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात तुम्हीच थकाल.

वरच्या परिच्छेदात "वाजून राहिला होता" आहे. ते कापायचं का? मुलाखतीत आणि संवादात बोली जशीच्या तशी राहू द्या : "कायले", "जाऊन राहिला", सगळं. गुजरीतल्या काकूंच्या तोंडी पुण्याची मराठी घातली की वाक्य खोटं वाटतं. मुलाच्या स्वतःच्या निवेदनात मात्र त्याला दोन्ही रूपं दाखवा आणि निवडू द्या, पण निवडलेलं रूप पूर्ण भागात टिकवायला लावा. परीक्षेत प्रमाण मराठीच लागते, हेही स्पष्ट सांगा. आणि डॉक्स बोलीतल्या शब्दांखाली लाल रेघ ओढतं तेव्हा घाबरू नका. ते बरोबर असलेल्या प्रमाण शब्दांखालीही ओढतं. मराठीच्या शुद्धलेखनासाठी त्या रेघेवर भरवसा ठेवायचा नसतो, शब्दकोश उघडायचा असतो.

उचललेलं कसं ओळखायचं

चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून लिहून आणलेला मजकूर वाचताक्षणी कळतो : "सांस्कृतिक वारशाचे जिवंत प्रतीक", "एकतेचा संदेश". पण वाचून कळणं पुरेसं नाही, दाखवता आलं पाहिजे. व्हर्जन हिस्टरीत हाताने लिहिलेला भाग तुकड्यातुकड्यांनी वाढताना दिसतो. चिकटवलेला भाग एका झटक्यात येतो. एका झटक्यात आलेलं सगळंच चोरीचं नसतं, फोनवर लिहून इथे आणलेलंही असू शकतं. म्हणून थेट आरोप न करता मुलाला वही घेऊन बोलवा आणि विचारा, यातली कुठली गोष्ट कच्च्या मालात आहे? ज्याने गल्लीत जाऊन बघितलं आहे तो दहा गोष्टी सांगतो. ज्याने नाही, तो गप्प बसतो, आणि त्याला पुन्हा लिहायला वेळ द्यायचा.

गुण

आठवीपर्यंत हे काम आकारिक मूल्यमापनात प्रकल्प किंवा उपक्रम म्हणून सहज बसतं. २० गुणांची वाटणी अशी ठेवा : स्वतःचा भाग ८, दुसऱ्यांना टाकलेले शेरे ४, मिळालेल्या शेऱ्यांवरून केलेली दुरुस्ती ३, गटाचा पूर्ण लेख ५. गटाला पाचाहून जास्त देऊ नका. सगळे गुण गटाला दिले की राबणाऱ्या मुलीच्या घरून तक्रार येते, आणि ती रास्त असते. शेरे आणि दुरुस्ती यांचे सात गुण हिस्टरी उघडी ठेवूनच द्यायचे.

पालक विचारतात, बोर्डाच्या परीक्षेत तर हातानेच लिहायचं आहे. बरोबर आहे. दहावीच्या मराठी कुमारभारतीत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत, आणि ते सगळं पेनाने. म्हणून सहाव्या आठवड्याच्या शेवटी एक तास लॅब बंद : याच विषयावरची बातमी किंवा प्रसंगलेखन, कागदावर, २० मिनिटांत, एकट्याने. सहा आठवड्यांत किती आत गेलं ते तिथे दिसतं.

छापताना

बारा गटांची मिळून पुस्तिका करा. ६०० शब्द आणि एक फोटो यांना छोट्या आकाराची तीन पानं लागतात, म्हणजे ३६ पानं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, नावं यांची चार धरून ४०. एका ए-फोर कागदावर दोन्ही बाजू मिळून अशी चार पानं बसतात, त्यामुळे एकूण पानं चाराच्या पटीत ठेवा. ४० पानांना दहा कागद. डॉक्समधून थेट पीडीएफ काढा आणि छापताना "बुकलेट" निवडा. झेरॉक्सच्या दुकानात डॉक्सची किंवा वर्डची फाइल नेऊ नका. त्यांच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला की जोडाक्षरं सुटतात, ओळी सरकतात आणि ४० ची ४३ पानं होतात. आधी एकच प्रत काढा, चार मुलांना लाल पेन देऊन वाचायला बसवा, मग बाकीच्या प्रती.

छपाईनंतर सगळ्या फाइलींवर मुलांचा हक्क "व्ह्यूअर" करा, पूर्ण फोल्डर उतरवून शाळेच्या पेनड्राइव्हवर ठेवा, आणि दहावीनंतर खाती बंद होण्याआधी प्रत्येकाला त्याच्या गटाची पीडीएफ द्या. फोल्डर मॅडमच्या वैयक्तिक खात्यात असेल तर ते शाळेच्या खात्यात हलवून घ्या. बदली झालेल्या शिक्षकासोबत वर्गाचं काम निघून गेलं तर ते परत मागवायला महिने जातात.